घोड्यांच्या रांगेतली लॉरी

सागाच्या तुकड्यावरून रंधा अलगद पुढे सरकतो आणि त्याच्या तोंडातून कागदाहून पातळ अशी एक ढलपी वळसे घेत बाहेर पडते. तिच्याबरोबर येतो तो गंध! कोऱ्या चामड्याचा म्हणावा तर तितका उग्र नाही, तेलाचा म्हणावा तर तितका जड नाही. किंचित कडवट, किंचित स्निग्ध, उन्हात तापलेल्या रानाची ऊब पोटात घेऊन आलेला. आज कित्येक वर्षांनी तो माझ्या ओसरीवर दरवळतो आहे. ढलप्या मांडीवर पडताहेत, बोटांना जुनी खोड आठवते आहे, आणि छातीवर जे काही ठेवलेलं होतं ते आता तिथं नाही. ओझ्याचीही माणसाला इतकी सवय व्हावी की ते उतरल्यावर आधी तोल जावा? माझा गेला. अजून थोडा जातोच आहे. पण हे तोल जाणं सुखाचं आहे, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे. एरवी मी बोलणारा माणूस नव्हे.

मी आलापल्लीच्या लाकूड-डेपोत मापं घेणारा कारकून. रानातून आलेल्या ओंडक्याला फीत लावायची, लांबी आणि गोलाई पुकारायची, पुढच्या ओंडक्याकडे वळायचं. ज्याच्या आयुष्यात इतकी प्रचंड लाकडं आली, त्याला छंद लागावा तोही लाकडाचाच, पण वीतभर! मी मोटारी करीत असे. खऱ्या मोटारीच्या एका फुटाला अर्धा इंच, हे माझं ठरलेलं प्रमाण. आरागिरणीपाशी फेकून दिलेल्या सागाच्या चिपा, रॉकेलच्या डब्याचा पत्रा, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे आस, फाटक्या टायरच्या सोलीव रबराची धाव. दिव्यांच्या जागी चमकती टिचबटणं. जोडायला धावड्याचा डिंक, आणि घासायला पारिजातकाची पानं. ज्या पानांना आपण फुलांच्या कौतुकात विसरून जातो, ती किती खरखरीत असतात हे लाकूड घासणाऱ्यालाच ठाऊक. कोमल फुलाच्या घरी असा कानस बाळगणारा भाऊ असावा, हीही सृष्टीची एक गंमतच नाही का?

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती माणसाला का भुलवते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या रानात सगळंच आमच्याहून मोठं. झाड मोठं, वाघ मोठा, पावसाळ्यातला नाला मोठा आणि साहेब तर सर्वांहून मोठा. अशा मुलखात राहणाऱ्याला एखादी गोष्ट आपल्या तळव्यावर पुरती मावावी, तिच्या चारी बाजू एकाच दृष्टीत दिसाव्यात, असं वाटलं तर त्यात नवल काय! पण मी मोटार कोरी करकरीत कधी केली नाही. ती रस्त्यावर जशी आहे तशी करायची, हा माझा हट्ट. रेंजरसाहेबांच्या जीपचा पुढचा बंपर एका अंगाला वाकलेला, तर माझ्या जीपचाही वाकलेला. बसच्या मागच्या खिडकीला काचेऐवजी फळी, तर माझ्या बसलाही फळी. गाडीचा चेहरा तिच्या रंगात नसतो, तिला लागलेल्या धक्क्यांत असतो. माणसांचंही तेच; फक्त माणसं आपले पोचे आत वळवून घेतात. डेपोतली मंडळी मला चिडवीत, “बाबू, तुमच्या गाडीले पेट्रोल किती लागते जी?” मी हसून उत्तर टाळीत असे. टाळणं मला पहिल्यापासून साधलेलं.

त्या मंडळींत एक मारोतीभाऊ. माझ्याच वयाचा, ठेकेदाराची लॉरी चालवणारा. लॉरी लढाईतली, लिलावात आलेली. चपट्या नाकाची आणि चिडक्या आवाजाची. आलापल्लीचा साग तिच्यावर लादून तो आष्टीच्या नदीघाटावर न्यायचा. मी ओंडके मोजायचो, तो ते वाहायचा, आणि लादणी चाललेली असताना आम्ही दोघं सावलीत बसून तिच्याविषयी असं बोलायचो, जसं शेतकरी बैलाविषयी बोलतात. आष्टीच्या वाटेवर एक लांब उतार आहे. उताराच्या माथ्यावर ऐनाच्या झाडाखाली वाटेचा देव. मूर्ती नाही, देऊळ नाही. रोवलेला एक लाकडी खांब आणि त्याच्यासमोर मातीच्या घोड्यांची रांग. वाटसरूनं घोडा वाहावा, त्यावर बसून देव त्याच्यापुढे चालतो आणि वाट मोकळी करतो, अशी तिथली रीत. घोडा मोडला, पावसात विरघळला, तर देव त्याला घेऊन गेला असं म्हणायचं. मोडका घोडा कुणी उचलत नाही. आणि देवाच्या नावानं घडवलेली वस्तू घरात ठेवायची नाही. घोडे करणारा कुंभारसुद्धा भट्टीतून काढलेला घोडा थेट झाडाखाली नेतो, उंबऱ्याच्या आत घेत नाही.

तर एके दिवशी मारोतीभाऊ माझ्याकडे आला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “बाबू, आपली लॉरी पळते ना जी, तं देवाचा घोडा मांगंच राह्यते. उतारावर तं तो दिसत बी नसन. आता देवाले बी मोटार पाह्यजे. तुमी करून द्या.” मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. उतारावर भरल्या लॉरीत बसणाऱ्याची श्रद्धा कशी असते, हे सावलीत बसून फीत गुंडाळणाऱ्यानं ठरवू नये. मी होकार दिला.

आणि ती लॉरी माझ्या हातून अशी उतरली, की तशी मोटार मी आधी कधी केली नव्हती! चपटं नाक, डाव्या दाराचा पोचा, मडगार्डला बांधलेली तार, मागे साखळीनं आवळलेले बोटाएवढे ओंडके, त्यांच्या टोकांना, मोजलेल्या ओंडक्यावर ठोकतात ती, आमच्या डेपोच्या हातोड्याची खूण. पारिजातकाच्या पानांनी घासून घासून तिचं अंग असं केलं की बोट फिरवावं तर बोटच खडबडीत वाटावं. सकाळी उठून मी आधी तिच्याकडे पाहत असे. ती पूर्ण झाली आणि माझ्या मनात एक वाक्य उमटलं, जे मी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं: ही पावसात टाकून द्यायची?

मी ती दिली नाही. गाठाळ सागाचा एक तुकडा घेतला आणि घाईघाईनं दुसरी लॉरी केली. दार बिनपोच्याचं, चाकं लहानमोठी, ओंडक्यांवर खूण नाही. चांगली लॉरी धोतरात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली, आणि ती दुसरी मारोतीभाऊच्या हातावर ठेवली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली. फिरवून फिरवून पाहिली. त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, “बाबू, हूबेहूब!” त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच उतारावर, लॉरी उलटली. कुणाचा जीव गेला नाही. मारोतीभाऊचा पाय मात्र तीन ठिकाणी मोडला, चांद्याच्या दवाखान्यात तो कितीतरी दिवस पडून राहिला, आणि मग लॉरी सोडून चामोर्शीकडे आपल्या गावी निघून गेला. मी त्याला भेटायला गेलो नाही. दवाखान्यातही नाही आणि गावीही नाही. मी रंधा, कानस, पटाशी गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली, आणि छंद सुटला असं लोकांना सांगितलं.

तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस तू. लाकडाची एक मोटार बदलली म्हणून खरी लॉरी उलटते काय? नाही उलटत. हे मी स्वतःला रोज सांगत होतो. पण अपराध श्रद्धेची वाट पाहत नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्या देवावर माझा विश्वास नव्हता त्याला मी फसवलं होतं, आणि भीती मात्र विश्वास ठेवणाऱ्याइतकीच खरी होती! बसनं आष्टीला जायची वेळ आली की उताराच्या आधीच मी दुसऱ्या अंगाच्या खिडकीकडे तोंड फिरवीत असे. ऐनाचं झाड कधी आलं आणि कधी गेलं हे मला बसच्या वेगावरून कळायचं. तिथं थांबून चालक एक पान वाहायचा, तेवढा वेळ मी चपलेचा अंगठा न्याहाळायचो. ती वाईट घडणीची लॉरी घोड्यांच्या रांगेत बसून माझ्याकडे पाहते आहे, असं मला वाटे. अशी वर्षं गेली. मूक माणसाचं मौन लोकांना स्वभाव वाटतं. त्यात किती वेळा नुसती लपाछपी असते, हे कोण विचारतो?

यंदा दिवाळीच्या आधी घरात आवराआवर निघाली. पेट्या अंगणात आल्या, कपडे उन्हात पडले, आणि पत्नीनं त्या जुन्या धोतराची गाठ सोडली. मी डेपोतून आलो तेव्हा ती लॉरी समोर ठेवून बसली होती. “काऊन जी, एवढी साजरी मोटार पेटीत काऊन कोंडली?” मी उत्तर देणार होतो, पण माझी नजर लाकडावर खिळली. सागाचा एक गुण आहे. ताजा कापलेला साग हिरवट, काळसर रेघांनी डागाळलेला दिसतो. त्याला ऊन आणि वारा लागला की ते डाग विरत जातात आणि मधासारखा सोनेरी रंग चढतो. माझी लॉरी अजून तशीच कच्ची होती. इतक्या वर्षांत तिचा एकही डाग विरला नव्हता. अंधारात ठेवलेलं काही पिकत नाही, हे मापं घेणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं. तरी त्या क्षणी ते कुणीतरी कानात सांगितल्यासारखं झालं. मी तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं बोलून टाकलं.

तिनं ऐकून घेतलं. देवाचं काही ती बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती म्हणाली, “देवाचं देवाले नाई देलं, ते नाई देलं. पण दोस्त खाटेवर पडला होता, त्याले पाह्याले बी नाई गेले तुमी?” इतकी वर्षं मी लाकडाच्या लॉरीचा गुन्हेगार समजत होतो स्वतःला, खरा गुन्हा तिनं एका वाक्यात माझ्या ओंजळीत ठेवला. दुसऱ्या सकाळी तिनं दशम्या बांधल्या, लॉरी त्याच धोतरात गुंडाळून माझ्या काखेत दिली आणि दाराशी उभी राहिली. न जायला वाटच ठेवली नाही.

मारोतीभाऊचं गाव तलावाच्या काठी. बांधाच्या पाळीवर बसून तो मासोळीचं जाळं शिवत होता. केस पांढरे झालेले, एक पाय सरळ लांबवलेला. मला पाहून त्याचा हात थांबला. “अरे बाप्पा! या जी बाबू. आज वाट चुकले का?” टोमणा होता की आनंद, मला कळलं नाही. बसायला सांगण्याच्या आतच मी सांगून टाकलं. धोतर सोडून लॉरी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, ही तुमची, मी ठेवून घेतली होती, तुम्हाला दिली ती खोटी होती, देवाला मी फसवलं आणि पाय तुमचा गेला. एका दमात. आयुष्यात इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन.

लॉरी उचलून त्यानं दाराच्या पोच्यावरून अंगठा फिरवला, साखळी ओढून पाहिली. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतो आहे असं वाटून मी मान खाली घातली, आणि ऐकलं तर तो हसत होता! “बाबू, बाबू! तुमी देवाले खोटी देली. आन् म्या तं ते बी देली नाई ना जी! घरी दाखवाले आणली, तं पोट्टीनं धरली, ते सोडेच ना. म्हटलं, पुढच्या खेपेले ठेवू. पुढची खेप झाली, त्याच्या पुढची झाली. आन् मंग गाडी पलटली. खाटेवर पडल्या पडल्या वाटे, देवानं बराबर पकडलं मले. तुमी आले नाई, तवा समजलो का बाबूनं जाता-येता पाह्यलं असन, मोटार तिथी नाई म्हणून. रागावले बाबू. मंग कोणत्या तोंडानं निरोप धाडू?”

मी पाहिलंच नव्हतं! मी दुसऱ्या खिडकीत पाहत होतो, आणि तो माझी नजर कल्पून इकडे शरमेनं मरत होता. एकाच अपराधाची दोन ओझी, आणि ती वाहणारे दोघे एकमेकांपासून तोंड लपवून बसलेले. याला काय म्हणावं? आम्ही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. “आन् खरं सांगू का?” तो म्हणाला, “त्या लॉरीचे ब्रेकच धरत नव्हते. मालकाले सांगून सांगून थकलो मी. देव घोड्यावर असो का मोटारीवर, बिनब्रेकच्या लॉरीम्होरं तो बी जीव घेऊन पळन!” मग हसू ओसरलं, आणि जाळ्याची गाठ ओढीत तो हळूच म्हणाला, “पायाचं जाऊ द्या, बाबू. पण त्या खाटेवर लॉरीच्या गोष्टी कराले कोणी नव्हतं. ते लागलं.” सगळंच ओझं उतरत नाही. जे आपलं असतं ते राहतं. पण आता ते माझ्या मापाचं आहे, उचलता येतं.

“यमुने, तुही लॉरी आण वं!” त्यानं हाक मारली, आणि तेव्हाची ती पोट्टी, आता परकरातली मुलगी, माझी ती खोटी लॉरी घेऊन आली. त्या लॉरीला मी ओळखलंच नाही! गाठाळ लाकूड हाताळून हाताळून मधासारखं सोनेरी झालेलं. एक चाक हरवलं होतं, तिथं करवंटीची घासलेली चकती बसवलेली. ओंडके जाऊन त्या जागी चिंचोक्यांची रास. टपावर लाल चिंधीचं निशाण, आणि नाकावर काजळाचे दोन मोठे डोळे. मी विचारलं, डोळे कशाला? यमुना म्हणाली, “तिले रस्ता दिसला पाह्यजे ना!” सगळ्या मोटारींना मी टिचबटणांचे दिवे बसवले, त्यांना दिसायला हवं हे मला सुचलं नव्हतं. कारागिराला मत्सर व्हावा अशी ती गाडी झाली होती, आणि तो झालाही. पण किती गोड मत्सर! मी आवडीनं केलेली लॉरी कच्ची राहिली, आणि घाईनं उरकलेली एका मुलीच्या हातात पिकली.

देवाची मोटार देवाला द्यायची असं ठरलं. कोणती, असा प्रश्न निघताच यमुनेनं आपली पाठीमागे लपवली. “माही नाई. बाबूजीची द्या.” पण काजळाची डबी आणून तिनं माझ्या लॉरीलाही डोळे काढले, एक थोडा मोठा, एक थोडा लहान. मारोतीभाऊ माझ्यासोबत आलापल्लीला निघाला. उताराच्या माथ्यावर बस थांबली, आणि मी पहिल्यांदा झाडाच्या बाजूनं उतरलो. घोड्यांची रांग तशीच. काही नवे, तांबूस, काहींचे नुसते पाय उरलेले. उतारूही खाली उतरले होते. एक म्हातारी म्हणाली, “देवाले मोटार? तेल कोन टाकन मंग?” चालक म्हणाला, “देवाले काय कमी हाये, मावशी!” मी लॉरी ठेवणार तोच मारोतीभाऊनं माझा हात धरला. “बाबू, चालवून तं पाह्यली का हिले कधी?” नव्हती पाहिली. त्यानं लॉरीच्या नाकाला सुतळी बांधली आणि मोडक्या पायानं लंगडत, सगळ्या बसदेखत, खांबाभोवती एक फेरी तिला ओढली. ती सरळ चालली, जराही न कलता. तशा प्रसंगीही माझ्या मनाला आसांच्या सरळपणाचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू? मग मी ती घोड्यांच्या रांगेत ठेवली. हात मागे घेताना बोटं क्षणभर रेंगाळली. “ठेवा आता,” तो म्हणाला. मी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याला पोचवायला मी आष्टीपर्यंत गेलो. बस माथ्यावर थांबली. मी खिडकीतून सरळ झाडाकडे पाहिलं. घोडे होते, लॉरी नव्हती. आम्ही दोघं उतरून जवळ गेलो. काल सुतळीचं टोक जिथं पडलं होतं तिथून धुळीत दोन बारीक समांतर रेघा निघाल्या होत्या. त्या खांबाला वळसा घालून पायवाटेला लागल्या होत्या आणि झाडांपलीकडच्या पाड्याकडे गेल्या होत्या. बाजूला पावलंही उमटलेली असावीत. ती कुणाची, हे आम्ही वाकून पाहिलं नाही. मारोतीभाऊनं माझ्या खांद्यावर थाप मारली. “पाह्यलं का जी? म्या तवाच म्हटलं होतं, देवाले मोटार पाह्यजे म्हणून!”

ज्या लॉरीसाठी मी मित्र घालवला, ती गेली. आणि मला काय वाटलं म्हणाल? पेटीचं झाकण उघडून कुणी आत वारा सोडावा तसं वाटलं. आज मी माळ्यावरची हत्यारं उतरवली आहेत. पटाशी गंजली आहे, रंध्याचं पातं मात्र अजून धार धरतं. आष्टीची बस करायला घेतली आहे, मागच्या खिडकीला फळी असलेली. काजळ यमुनेकडून घालून घ्यायचं ठरलं आहे. ढलप्या उडताहेत, गंध दरवळतो आहे. आणि तिकडे, मला ठाऊक नसलेल्या कुठल्यातरी अंगणात, एक लहान एक मोठा असे दोन डोळे घेऊन माझी लॉरी उन्हात फिरत असेल. तिच्या सागाचे डाग हळूहळू विरत असतील.